३०८० अपडेट: डेल्टा अखेर ताब्यात

झालं एकदाचं! काल रात्री माझ्या आरटीएक्स ३०८० ग्राफिक्स कार्डला तासभर फुल लोड दिला. कोअर (चिपचं एकूण तापमान) ७१ अंश, हॉटस्पॉट (तिच्यातली सगळ्यात गरम जागा) ८४, म्हणजे दोन्हींतला फरक, डेल्टा, १३. मागच्या अपडेटमध्ये हाच डेल्टा २९ होता आणि हॉटस्पॉट १०४ ला भिडत होता, हे ज्यांना आठवतंय त्यांना माझा आनंद कळेल. तेही नागपुरात, मे महिन्यात, खोलीत ३४ अंश असताना.

दुखणं एकच होतं. रिपेस्ट केलं, म्हणजे चिप आणि हीटसिंकमधली उष्णता वाहणारी पेस्ट बदलली, की कार्ड सुतासारखं सरळ, आणि महिना उलटायच्या आत हॉटस्पॉट पुन्हा वर. कोअर मात्र जागच्या जागी. फॅनचा वेग वाढवा, साइड पॅनल काढून ठेवा, ढिम्म फरक नाही. परवा हीटसिंक उचलला तेव्हा कारण समोरच दिसलं. पेस्ट सगळी डायच्या, म्हणजे चिपच्या सिलिकॉन तुकड्याच्या, कडांना जमा झालेली आणि मधला भाग कोरडा, आरशासारखा चकचकीत. पंप-आउट, दुसरं काही नाही. डाय आणि हीटसिंकचा तांब्याचा बेस तापल्यावर सारखे फुगत नाहीत, त्यामुळे गरम-थंड होण्याच्या प्रत्येक फेरीत पेस्ट थोडी थोडी बाहेर ढकलली जाते. इथे ६२८ चौरस मिलिमीटरची उघडी (धातूचं झाकण नसलेली) डाय आणि कार्ड मुळात ३२० वॅटचं. पातळ पेस्ट टिकणार कशी? माझं मत आता पक्कं आहे: उघड्या डायवर सहज पसरणारी पेस्ट लावूच नये.

म्हणून या वेळी पेस्टऐवजी हनीवेलची पीटीएम ७९५० ही थर्मल शीट. ४५ अंशांच्या आसपास मऊ होते, निवली की पुन्हा घट्ट, आणि जागा सोडत नाही. पण नागपूरकरांनो, इथेच मेख आहे. सध्या बाहेरच पारा ४५ ला टेकतोय! कुरिअरच्या गाडीत दिवसभर भाजलेली शीट हातात आली तेव्हा लायनरला (वरच्या संरक्षक आवरणाला) अशी चिकटली होती की कोपरा उचलला की फिल्म ताणली जायची. फ्रिजमध्ये दहा मिनिटं ठेवली, मग वरचा लायनर एका झटक्यात निघाला. डायपेक्षा किंचित मोठा तुकडा कापून बसवला. पहिल्या रनला डेल्टा १९ आला तरी घाबरून परत उघडायचं नाही. चारदोन वेळा तापून निवल्यावरच ती नीट बसते.

अंडरव्होल्ट (चिपला नेहमीपेक्षा कमी व्होल्टेज) तोच ठेवलाय, ८५० मिलिव्होल्टला १८०० मेगाहर्ट्झ. कार्ड २५० वॅटच्या आसपास राहतं आणि खेळताना फरक कळत नाही. उन्हाळ्यात याहून स्वस्त इलाज नाही.

आता उरली मेमरी. तिचं आतलं तापमान, जंक्शन, अजून ९८ दाखवतंय. या कार्डावरची जीडीडीआर६एक्स मेमरी ११० ला थ्रॉटल होते, म्हणजे स्वतःच वेग कमी करते, त्यामुळे ९८ ला गेम अडत नाही, पण मला एवढं तापमान नकोच आहे. मेमरी आणि हीटसिंकमध्ये बसणारे नवे थर्मल पॅड मागवले होते, पाकिटावर १.५ मिमी आणि कॅलिपरवर १.७, वर दगडासारखे कडक. असे पॅड लावले तर हीटसिंक डायपासून उचलला जाईल आणि कमावलेला डेल्टा हातचा जाईल. विक्रेता म्हणतो, ‘दाबले की बसतात.’ नाही बसत. जुनेच पॅड परत लावलेत.

दुसऱ्या दुकानातून १.५ चे मऊ पॅड आणायचे असं ठरवलं होतं. पण हे लिहितानाच वाटतंय, जाडीचं झंझट ठेवायचंच कशाला? पॅडऐवजी थर्मल पुटी (मऊ लगदा) लावली तर जितकी फट तितकी ती दबते. शिवाय ३०८० ची मेमरी सगळी पुढच्याच बाजूला आहे, तिच्या बरोबर मागे सर्किट बोर्ड आणि कार्डाच्या पाठीवरच्या बॅकप्लेटच्या मध्ये एकेक पॅड टाकला तर थोडी उष्णता तिकडूनही निघेल. बॅकप्लेट काढायला हीटसिंक हलवावा लागत नसेल तर रविवारी आधी तेवढंच करीन, आणि पुटी पीटीएम पूर्ण बसल्यावर.

तोवर एक सांगा: पुटी लावून कुणाचे दोन उन्हाळे निघालेत का? तेल सुटतं की नाही? फोटो असतील तर टाका, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यातल्या मंडळींनी.