टेबलावरची हळद

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या काही पेढ्यांचा इंग्रजी पत्रव्यवहार मी बघतो. जुलैतला दिवस, आयर्विन पुलाखाली कृष्णेचं पाणी चढत होतं. एका पेढीवर दिवाणजी हळकुंडांचा ओलावा मोजत होते. शिकागोच्या गिऱ्हाइकाशी त्या रात्री व्हिडिओ कॉल ठरला होता आणि त्याच्या मेलमध्ये शब्द होते 'रेन चेक'.

"सर, माल पावसात भिजला का विचारतायत. नऊ टक्के आलाय, कळवून टाका."

रेन चेक म्हणजे 'आज नको, पुन्हा कधीतरी'. अमेरिकेत बेसबॉलचा सामना पावसाने बुडाला की तिकिटाचा उरलेला तुकडा दाखवून पुढचा सामना बघता येई, तिथून हा शब्द बोलण्यात आला. नवी तारीख सुचवली असेल तर कॉल नक्की होतो. नसेल तर तो बहुतेक वेळा गोड शब्दांतला नकार असतो.

खरी मेख खालच्या ओळीत होती. तुमची ऑफर आम्ही सप्टेंबरपर्यंत 'टेबल' केली आहे. शेठ खूश. "म्हणजे मीटिंगमध्ये घेतली की!" वीस फुटी कंटेनरचा माल बाजूला काढायला हमाल लागलेसुद्धा होते.

शेठना दोष देववत नाही. ब्रिटिश इंग्रजीत टेबल करणं म्हणजे चर्चेला मांडणं. आपल्या विधिमंडळात कागद पटलावर ठेवतात, तेही त्याच वळणाचं. अमेरिकेत अर्थ नेमका उलटा, घोंगडं भिजत ठेवणं. दुसऱ्या महायुद्धात एका कागदावर ब्रिटिशांना लगेच चर्चा हवी होती, म्हणून ते 'टेबल करा' म्हणाले. अमेरिकनांनाही चर्चाच हवी होती, म्हणून त्यांनी विरोध केला. बराच वेळ वाद चालला, असं चर्चिल यांनी लिहून ठेवलंय.

रेन चेक वाचताना माणूस अडखळतो, निदान कुणाला तरी विचारतो. टेबल ओळखीचं, त्यामुळे विचारायचं सुचतच नाही.

म्हणून आधी मेल कुठल्या देशातून आलाय ते बघायचं, मग वाक्याचं शेपूट. 'सप्टेंबरपर्यंत' म्हटलं की प्रकरण लांबणीवर गेलं. त्याच मेलमध्ये दराला 'बॉलपार्क' म्हटलं होतं. तोही बेसबॉलचाच, अर्थ ढोबळ अंदाज. त्या आकड्यावर माल राखायचा नसतो.

उत्तरात 'याचा अर्थ काय' असं विचारलं नाही. हो-नाही उत्तर येईल असंच लिहिलं: हा दर 31 जुलैपर्यंतच देता येईल, तोवर माल राखून ठेवू का? दिवाणजींचं आवडतं 'आउट ऑफ स्टेशन' मी खोडलं. आपल्याकडे ते बाहेरगावी; शिकागोत वाचणारा रेल्वे स्टेशन शोधत बसेल.

संध्याकाळी उत्तर आलं: राखू नका, सप्टेंबरात लिहा. पोती पुन्हा थप्पीला लागली. ओलाव्याचा आकडा मात्र दिवाणजींनी मेलमध्ये घालायला लावलाच होता. मोजलाय तर जाऊ दे, म्हणाले.