निळी मखमल आणि एक रिकामा रकाना

संग्रहालयातल्या एका प्रदर्शनाची सजावट माझ्याकडे होती. तिची संकल्पना मंजूर व्हायला तीन बैठका लागल्या. त्या संकल्पनेतलं कापड मंजूर होईपर्यंत दोन महिने उलटून गेले. त्यामुळे हा अनुभव मुख्यतः कापडाचा आहे, बाकीचं आठवेल तसं सांगतो.

प्रदर्शन चार महिन्यांचं होतं. लांबच्या जहाजप्रवासाला निघालेल्यांनी घरी लिहिलेली पत्रं, त्यांच्याजवळच्या चांदीच्या डब्या, आणि सामानावर ठोकलेल्या शिशाच्या मोहरा. संग्रहालयाचं काम मी पहिल्यांदाच करत होतो. त्याआधी सगळं आयुष्य दुकानांच्या दर्शनी काचा आणि मेळ्यांतले स्टॉल सजवण्यात गेलेलं. क्युरेटरबाईंनी वस्तूंच्या यादीबरोबर पत्रंही वाचायला दिली. बहुतेक सगळी रात्री लिहिलेली होती, दिवसा सवड कुणाला? तिथेच संकल्पना सापडली. दालनात शिरताना संध्याकाळ, मध्ये गडद निळी रात्र, बाहेर पडताना उजाडायला लागलेलं. रंग-चित्रं एकत्र मांडलेला मूडबोर्ड, रेखाटनं, १:२० मापाचं फोमबोर्डचं मॉडेल, सगळं पटापट झालं. सगळ्यांना आवडलं. मी जरा हवेतच होतो.

मग संवर्धन विभागाच्या मॅडमनी मॉडेलमध्ये डोकावून विचारलं, "शोकेसच्या आत काय अंथरणार?"

"निळं फेल्ट."

"लोकरीचं?"

"हो, सुरकुती पडत नाही त्याला."

"मग नको."

लोकरीत गंधक असतं. बंद शोकेसमध्ये त्याची संयुगं हळूहळू बाहेर पडतात आणि चांदी काळवंडते. फेल्टखाली मी एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड, धरला होता, तोही गेला, कारण लाकडातून आणि एमडीएफमधून आम्लाच्या वाफा सुटतात आणि शिशावर पांढरी भुकटी धरते. दुकानाच्या काचेमागे महिनाभरात माल बदलतो, तिथे हे प्रश्न कधी पडलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी सुती मखमलीचा नमुना घेऊन गेलो. "ही चालेलही, पण चाचणी करावी लागेल," मॅडम म्हणाल्या. या चाचणीला ऑडी टेस्ट म्हणतात. ब्रिटिश म्युझियमच्या अँड्र्यू ऑडी यांनी ती १९७३ साली मांडली. प्रकार अगदी साधा. काचेच्या भांड्यात कापडाचा तुकडा, थोडं पाणी, आणि चांदी, तांबं, शिसं यांच्या छोट्या पट्ट्या. झाकण घट्ट लावून ६० अंश सेल्सिअसला २८ दिवस ठेवायचं. शेजारी कापड नसलेलं तसंच भांडं, तुलनेला. शोकेसमध्ये जे सावकाश घडलं असतं ते उष्णता आणि दमटपणा देऊन लवकर घडवायचं. लवकर म्हणजे २८ दिवसांत.

नमुन्यासोबत दोन पानी फॉर्म होता. कापड कशाचं, रंग कोणता, कुठल्या वस्तूंजवळ, वस्तूला टेकणार की नाही. शेवटचा रकाना 'प्रदर्शनाचा कालावधी'. उद्घाटनाची तारीख ठरली नव्हती. मला वाटलं तारखाच मागतायत, म्हणून तो मोकळा सोडला. हा रकाना लक्षात ठेवा.

दहाव्या दिवशी मॅडमना फोन केला, काही दिसतंय का म्हणून. "उघडल्याशिवाय कसं दिसणार?" विसाव्या दिवशी पुन्हा केला. यावेळी नुसत्या हसल्या. इकडे सुतार विचारतोय तळ कशाचा कापू, छपाईवाला विचारतोय लेबलांचा रंग कोणता, आणि मी सगळ्यांना "या आठवड्यात सांगतो" म्हणतोय. निकाल आला तो एका ओळीत: कायमस्वरूपी वापरासाठी अयोग्य. चांदीची पट्टी पिवळसर पडली होती.

मान खाली घालून दुसरं कापड शोधलं. पॉलिएस्टरचं, फिकट राखाडी. पुन्हा फॉर्म, पुन्हा भांडं, पुन्हा २८ दिवस. त्यातल्या बाराव्या दिवशी जिन्यात मॅडम भेटल्या आणि सहज म्हणाल्या, "तुमचं प्रदर्शन किती दिवस आहे हो?"

"चार महिने."

"अहो, मग ती मखमल चालली असती की!"

निकालाच्या तीन पायऱ्या असतात: कायमस्वरूपी योग्य, तात्पुरत्या वापराला योग्य म्हणजे साधारण सहा महिन्यांपर्यंत, आणि अजिबात अयोग्य. माझी मखमल मधल्या पायरीवर होती. पण रकाना रिकामा, म्हणून त्यांनी कायमस्वरूपी धरून निकाल दिला. नियमाने बरोबरच आहे ते. चूकही माझीच. तरी एक फोन करून विचारता आलं असतं, असं मला आजही वाटतं. मी दोनदा केलाच होता की.

आता त्या वाट पाहण्याच्या काळातलं एक कबूल करायला हवं. हात रिकामे होते म्हणून उजेड मोजायचा लक्स मीटर मागून आणला. कागदावरच्या शाईला ५० लक्सच्या वर उजेड नको, हे मला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, मी मान डोलावली होती. खोली अंधारी करून, दिवा मंद करत बरोबर ५० वर आणला आणि मखमल धरली. रात्र नाही, कोळसा. पुढे काच उभी केली तर त्या काळ्या पार्श्वभूमीवर पत्र दिसायच्या आधी माझाच पांढरा शर्ट दिसला. आतलं गडद असेल तर काच आरसा होते. लॅपटॉपच्या लखलखीत पडद्यावर यातलं काहीच कळलं नव्हतं. तेव्हा मूडबोर्ड दाखवायच्या आधी कापड, रंग, लेबल सगळं खऱ्या उजेडात बघा. निळ्यावर पांढऱ्या अक्षरांची १८ पॉइंटची लेबलं तिथे वाचता येईनात. २४ पॉइंट केली, कागद बिनचकाकीचा घेतला, मजकूर कापला. मजकूर कापण्यावरून क्युरेटरबाईंशी झालेली जुंपाजुंपी इथे सांगत नाही.

एक मात्र अभिमानाने सांगतो. प्रवेशाजवळचा संध्याकाळचा पट्टा मी नुसता वातावरणासाठी काढला होता. बाहेरच्या उन्हातून थेट ५० लक्समध्ये माणूस आला की त्याला काही दिसत नाही, डोळे सरावायला वेळ लागतो. तो वेळ त्या पट्ट्याने दिला. मॅडमनी स्वतः तसं बोलून दाखवलं.

शेवटी मखमल फक्त चांदीच्या दोन शोकेसमध्ये गेली. धातूला उजेडाची भीती नाही, तिथे दिवे वाढवता आले आणि निळा निळा दिसला. पत्रांखाली राखाडी, म्हणजे तिच्या निकालासाठी उरलेले सोळा दिवस थांबावं लागलंच. मोहराही राखाडीवर. तळाला एमडीएफऐवजी रंग दिलेला ॲल्युमिनियमचा पत्रा. हो, आणि रंग दिलेला कुठलाही भाग शोकेसमध्ये लगेच बसवू देत नाहीत, काही आठवडे उघड्यावर सुकू द्यावा लागतो. वेळापत्रकात ते मी धरलंच नव्हतं.

राहिलंच, नमुना ज्या ताग्यातून कापाल तो अख्खा तागा त्याच दिवशी बाजूला ठेवायला सांगा. पुढच्या खेपेला रंगवलेलं कापड म्हणजे त्यांच्या लेखी वेगळं कापड, चाचणी पहिल्यापासून. मी तागा आधीच उचलून आणला होता, केवळ घाईच्या स्वभावामुळे. त्यातली तीन मीटर निळी मखमल अजून घरी कपाटात आहे. चांदीची भांडी दुसऱ्या कप्प्यात हलवली आहेत.