माडावरची केबल आज उतरवली

आज दुपारी माडाला बांधलेली केबलची वायर सोडली. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा ती तुटून विहिरीवर पडली होती. नंतर जोडली, पण खाऱ्या वाऱ्यात जोडाला गंज चढायचा आणि अख्खा पावसाळा पडद्यावर नुसते चौकोन.

आता हर्णैत आमच्या आळीत फायबरचं इंटरनेट आलंय, टीव्ही त्यावरच बघायचा. मोबाईलच्या रोजच्या दीड जीबीत हे जमलंच नसतं, एचडी चित्राला तासाला साधारण ३ जीबी जातात. टीव्ही जुनाच आहे, मागे एचडीएमआयच्या खाचेत इंटरनेटवरचं टीव्हीवर दाखवणारी स्टिक लावली, झालं. वीज गेली की राउटरही जातो, म्हणून त्याला छोटा बॅकअप घेतला. आपल्याकडे जूनमध्ये तो हवाच!

आईला एकच काळजी, ‘माझं सह्याद्री जाणार काय रे?’ प्रसार भारतीच्या वेव्हज ॲपवर दूरदर्शनच्या वाहिन्या आहेत, ते तिला दाखवलं. संध्याकाळी तिने चष्मा पदराला पुसला, रिमोट तोंडाशी धरला आणि शेजारणीला हाक मारावी तशी म्हणाली, ‘सह्याद्री लाव गो बाय.’ पहिल्यांदा नाही लागलं, दुसऱ्यांदा लागलं. सातच्या बातम्या सुरू झाल्या. तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

केबलवाल्या दादाला फोन करताना मात्र जड गेलं. इतकी वर्षं भर पावसात शिडी घेऊन आला तो. बॉक्स न्यायला आला तेव्हा आईने त्याला कोकम सरबत दिलं, वर आमसुलांची पिशवी. ‘टीव्ही बंद झाला म्हणून येणं बंद करू नको,’ म्हणाली.