रव्याचा डबा आणि साडेदहाचा फोन

मणक्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ट्रॅमाडॉल हे पेनकिलर सुरू झालं, 50 मिलिग्रॅमची कॅप्सूल दिवसातून तीनदा. टाके सुकले, मी शाळेत परत रुजू झाले, कॅप्सूल मात्र दीड वर्ष चालूच. दुखतंय म्हणून घेतेय की नाही घेतली तर कसंतरी होतं म्हणून, हे मलाच कळेनासं झालेलं. मग एका डॉक्टरांनी फाइल चाळत "अजून घेताय? बंद करा आता" एवढंच सांगितलं आणि मी शहाणी, दुसऱ्या दिवसापासून बंद.

दुसऱ्याच रात्री नाक गळायला लागलं, अंगावर काटा, जांभयांवर जांभया पण झोपेचा पत्ता नाही, पाय पांघरुणात एक मिनिट गप्प राहीनात, आणि मधेच डोक्यात बारीक करंट लागल्यासारखं. मला वाटलं डेंग्यू. ट्रॅमाडॉल नुसतं अफूच्या जातीचं पेनकिलर नाही, ते मेंदूतल्या सेरोटोनिन नावाच्या रसायनावरही काम करतं, म्हणून सोडताना दोन्हीकडून ओढतं, हे नंतर कळलं.

ओळखलं कोणी तर फिजिओथेरपीला येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरदादांनी. "ताई, गोळी एकदम तोडलीत ना?" ते यातून गेलेले. त्यांनीच पेन क्लिनिकचा पत्ता दिला, तिथल्या मॅडमनी आधीचा डोस परत चालू केला (मला रडूच आलं, वाटलं सगळं वाया गेलं) आणि मग पायऱ्या आखून दिल्या. दुपारच्या 50 च्या जागी पॅरासिटामॉलवाली साडेसदतीसची गोळी, म्हणजे दिवसाचे 150 चे 137.5, आणि पुढची पायरी महिन्याने, तीही जमली तरच. त्रास झाला तर तिथेच थांबायचं, मागे पळायचं नाही.

दादांचा फोन रोज रात्री साडेदहाला. मिलिग्रॅमचं काही बोलायचे नाहीत. तुम्ही किती महिन्यांत सोडली असं मी दहादा विचारलं असेल, सांगितलंच नाही, म्हणे "ते मॅडमना विचारा, माझं शरीर वेगळं." मग बोलायचो काय, तर कसारा घाटातलं धुकं, माझे सातवीचे पेपर, भाकरी का फुगत नाही. पाय वळवळायला लागले की मी फोन कानाला लावून हॉलमध्ये फेऱ्या मारायची, तेही तिकडे मारत असणार, दम लागलेला ऐकू यायचा.

एकदाच चिडले ते. मेडिकलवाला दर वेळी नवीन चिठ्ठी मागतो, रजिस्टरमध्ये नाव लिहितो, 2018 पासून हे औषध एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात आहे ना, तर मी म्हटलं चोरासारखं वाटतं हो. "चोर कसल्या, पेशंट आहात," आणि फोन ठेवलाच. दुसऱ्या दिवशी परत साडेदहाला.

कालनिर्णयवर गॅसच्या तारखेशेजारी माझ्या टिंबांच्या खुणा अकरा महिने चालल्या. शेवटची गोळी झाली त्या रात्री दादा म्हणाले, घरात उरलेलं काही ठेवू नका, आता शरीराची सवय मोडलीय, पूर्वीचा डोस एकदम घेतला तर जिवावर बेतेल. मी गप्प. मग सांगून टाकलं की एक पाकीट मेथीदाण्यांच्या बरणीत लपवलंय, घरात कुणालाच माहीत नाही.

पलीकडून हसणं थांबेचना. "माझं रव्याच्या डब्यात होतं ताई, बायकोनं शिरा करायला काढला तेव्हा सापडलं."

शनिवारी मॅडमकडे नेऊन दिलं. मेथीचा वास येत होता त्याला.