एका बोटाची गिटार

मे महिना म्हणजे नागपुरात गिटार दुरुस्तीचा सीझन. लाकूड सुकून आकसतं, फ्रेटची, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची, टोकं बाहेर येऊन हाताला टोचतात. बर्डीतल्या माझ्या दुकानात त्या दुपारी आलेल्या काकांची तक्रार मात्र निराळी होती.

“गिटार चांगली आहे जी, हातच बिघडला.”

लकव्यानंतर डाव्या हाताचं पहिलं बोट तेवढं जोर धरत होतं. एके काळी ते ऑर्केस्ट्रात वाजवायचे. गिटार विकून टाका असं मी सांगावं, ही सोबत आलेल्या काकूंची इच्छा.

मला आठवली जोनी मिचेल. कॅनडाची गायिका-गीतकार, जन्म 1943. नवव्या वर्षी पोलिओ झाला, डावा हात कमजोर राहिला. नेहमीचे कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) धरणं जड जायचं, म्हणून तिने ताराच वेगळ्या सुरांत लावल्या. असे पन्नासेक प्रकार तिने वापरले. तिच्या अनोख्या कॉर्डचं लोक कौतुक करतात; मला मात्र आधी त्यातला जुगाड दिसतो.

काकांच्या चार तारा उतरवून मी डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी असं ट्यूनिंग केलं. आता नुसता हात फिरवला तरी डी मेजर हा कॉर्ड वाजतो. बोट आडवं दाबायला सोपं जावं म्हणून 12 ऐवजी 10 चा, म्हणजे बारीक तारांचा, सेट चढवला, सॅडल (तारा टेकतात ती पट्टी) घासून अ‍ॅक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) खाली आणली. पण सैल तारा फ्रेटवर खरखरू लागल्या. ट्रस रॉड (मानेचा बाक ठरवणारी आतली सळई) जरा ढिला केला, सॅडलखाली पातळ पट्टी सारली, पुन्हा वाजवलं. संध्याकाळ झाली.

तोवर काकांना जोनीचंच सांगत होतो. 2015 मध्ये मेंदूच्या अ‍ॅन्युरिझममुळे, म्हणजे रक्तवाहिनीला आलेल्या फुग्यामुळे, तिला चालणंसुद्धा नव्याने शिकावं लागलं. बोटं कुठे ठेवायची हे ती स्वतःचेच जुने व्हिडिओ बघून शिकली आणि 2022 मध्ये, 78 व्या वर्षी, न्यूपोर्ट फोक फेस्टिव्हलच्या मंचावर गिटार वाजवली.

काकांनी बोट आडवं टाकलं. पाचव्या फ्रेटवर जी, सातव्यावर ए. दोनदा वाजवून थांबले.

“मायनर कुठून काढू? आपली अर्धी गाणी रडकी असतात बाप्पा.”

मुद्दा बरोबर होता. तिसरी तार अर्धा सूर उतरवून दिली; पण मग सगळंच मायनर.

“म्हणजे दोन गिटारी लागतील,” काका म्हणाले. काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की माळ्यावरच्या सेकंडहँड गिटारचा विषय मी काढलाच नाही. काकांनी दुसऱ्या दिवशी एकटं येऊन ती नेली.