आमची वाटचाल : नाकाची सावली आणि करडा पडदा

आमचा फोटो खाली स्टुडिओचं नाव नसतानाही ओळखू येतो, असं लोक म्हणतात. खरं आहे ते, उगाच नम्रपणा कशाला? पण कोणी ‘तुमची खास स्टाईल’ म्हणून कौतुक सुरू केलं की मी उधारीची वही उघडतो. एका बाजूचा उजेड डच चित्रकार रेम्ब्राँचा, मागचा करडा पडदा अमेरिकन फोटोग्राफर अर्व्हिंग पेनचा, हात वेगळे उजळायची खोड कॅनडाच्या युसुफ कार्श या फोटोग्राफरची. यातलं काहीच मी शोधलेलं नाही.

हे वेड लावलं माझ्या पहिल्या भागीदाराने. तो शिकलेला चित्रकार, म्हणून आम्ही त्याला पेंटरच म्हणायचो. भांडवल म्हणून त्याने आणलं काय, तर ब्रश आणि चित्रांची जाडजूड पुस्तकं. मी तेव्हा दिव्याच्या दोन छत्र्या दोन्हीकडून सारख्या ताकदीने मारायचो आणि चेहरा परातीसारखा सपाट यायचा. त्या काळी सगळेच तसं करत. पेंटरने एक छत्री बंद केली, दुसरी 45 अंशांवर, डोळ्यांच्या वर नेली आणि म्हणाला, “नाकाची सावली गालाच्या सावलीला भिडेपर्यंत सरकव.” भिडली, तेव्हा अंधारातल्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा एक त्रिकोण उरला. आज धंद्यातलं पोरगंही त्याला रेम्ब्राँ लाईट म्हणतं, पण 1669 साली वारलेल्या त्या माणसाची चित्रं किती जण नीट बघतात?

पडदाही पेंटरनेच रंगवला. जाड कॅनव्हास जमिनीवर अंथरला, प्रायमर म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा हात मारला आणि स्पंजाने करड्याचे थर चढवले. आधी निळसर, त्यावर तपकिरी झाकेचा, मधे किंचित फिकट, कडांना गडद. वाळल्यावर हलक्या हाताने पॉलिश पेपर फिरवला, म्हणजे दिवा पडला तरी चकाकी मारत नाही. पेनला 1950 मध्ये पॅरिसला नाटकाचा एक जुना पडदा मिळाला होता, तो त्याने पुढे वर्षानुवर्षं वापरला. आमच्या पडद्याचं मूळ तिथलं. फक्त आमच्या पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात प्रायमरचा एक ओघळ राहून गेला.

हा ओघळ लक्षात ठेवा.

पेंटर पुढे स्वतःच्या चित्रांकडे वळला, भांडण वगैरे काही नाही. धंदा चालत राहिला. मग आमच्याकडेच दिवे उचलायला शिकलेल्या एकाने आपला स्टुडिओ थाटला. थाटू दे, कोणी अडवलंय? पण त्याने आमच्या एडिटिंगचे प्रीसेट, म्हणजे साठवून ठेवलेल्या रंग-उजेडाच्या सेटिंग्ज नेल्या, दिव्यांच्या जागांचे फोटो नेले आणि आमच्यासारखा पडदा रंगवून घेतला. त्या पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ओघळसुद्धा होता. ब्रशने काढलेला!

त्या स्टुडिओवाले दर कमी लावायचे. आमची मोठी गिऱ्हाइकं एकेक करून तिकडे गेली, कारण लांबून बघणाऱ्याला फोटो तेच वाटत. मीडियम फॉरमॅटचा, म्हणजे मोठ्या फ्रेमचा कॅमेरा विकावा लागला. हाताखालची माणसं कमी केली. वर लोक मलाच सुनावत, “तुम्ही तरी रेम्ब्राँची कॉपीच करता ना?” हे मला तेव्हाही मान्य नव्हतं, आजही नाही. आमचा दिवा माणसागणिक हलतो. खोल डोळ्यांचा माणूस बसला की खाली येतो, गोल चेहरा असला की आणखी बाजूला जातो. त्यांच्याकडे जमिनीवर टेपच्या खुणा होत्या, कोणीही येवो, दिवा खुणेवर. त्यांच्या फोटोंत त्रिकोण बरोबर पडायचा, पण सावलीकडच्या डोळ्यात कॅचलाईट, म्हणजे दिव्याचा चमकता ठिपका नसायचा. डोळा मेलेला. हे सांगायचं कोणाला?

ते एकीने न सांगता ओळखलं. एका फाउंड्रीच्या, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्याच्या मालकीणबाई आमच्या जुन्या गिऱ्हाईक. सगळ्या कामगारांचे फोटो काढायचे होते, आणि त्या दुसऱ्या स्टुडिओचंही कोटेशन बाईंच्या हातात होतं. म्हणाल्या, “ते स्वस्त आहेत, पण त्यांच्याकडे माझी सगळी माणसं एकसारखी दिसतात.” काम आम्हाला मिळालं. स्टुडिओ त्यावर तगला.

तिथे मी सगळी उधारी एकदम वापरली. जर्मन फोटोग्राफर आउगुस्ट झान्डरचं वेगवेगळ्या पेशांतल्या माणसांच्या फोटोंचं पुस्तक 1929 चं. त्यातली माणसं सरळ कॅमेऱ्याकडे बघतात, हसायची सक्ती नाही. तसं प्रत्येकाला त्याच्या अवजारासकट उभं केलं. साच्यात वाळू ठोकणाऱ्याच्या हातात त्याचा ठोकणा, ओतणाऱ्याच्या हातात लांब दांड्याचा डाव. कार्श हातांना वेगळा दिवा द्यायचा, म्हणून आम्ही ग्रिड (उजेड पसरू न देणारी जाळी) लावलेला एक छोटा दिवा फक्त हातांवर ठेवला. नखांत बसलेली काळी वाळू दिसली पाहिजे, पण चेहऱ्यापेक्षा उजेड अर्धा स्टॉप (स्टॉप म्हणजे उजेडाचं माप) कमी. आणि शेडमध्ये ग्रुप फोटोसाठी सिनेमाचे छायाचित्रकार सुब्रत मित्र यांची युक्ती. 1956 च्या सत्यजित राय यांच्या चित्रपटात त्यांनी स्टुडिओतल्या अंगणाच्या सेटवर पांढरं कापड ताणून खालून दिवे मारले होते आणि उसळलेला उजेड आभाळासारखा सगळीकडे पसरवला होता. आम्हीही डोक्यावर कापड ताणलं.

नव्या पोरांना म्हणून सांगतो, विचारलं नसलंत तरी. मोबाईलवर दुसऱ्या फोटोग्राफरचे फोटो बघून स्टाईल शोधू नका, ते आधीच कोणाचं तरी उष्टं असतं. चित्र बघा. नाकाची सावली कुठे पडली, डोळ्यातला ठिपका कुठल्या बाजूला आहे, यावरून दिवा किंवा खिडकी कुठे होती ते ओळखा. डच चित्रकार फर्मीरच्या चित्रांतल्या बऱ्याच खोल्यांत खिडकी डावीकडे सापडेल. मग तोच उजेड एका दिव्याने उभा करा. दुसरा दिवा घेण्याची घाई नको, सावलीकडे पांढरं थर्माकोल पुरतं. चेहरा जास्त नाट्यमय हवा असेल तर तिथेच काळं थर्माकोल लावा.

मधली वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. त्या दुसऱ्या स्टुडिओवाल्यांनी हल्ली पांढरी शुभ्र बॅकग्राउंड धरली आहे, बाजारात तेच चालतं म्हणे. आमचा करडा पडदा अजून रोज उतरतो. भाड्याने मिळेल का म्हणून फोन येतात, त्यातले दोनेक आवाज ओळखीचेही वाटले. पडदा भाड्याने मिळणार नाही.