गन्स एन रोझेस, महालक्ष्मी रेसकोर्स: पुण्याहून जाणाऱ्यांनी पॅकेज बसच्या नादी लागू नये

आधी निकाल सांगतो. हा शो मी मरेपर्यंत विसरणार नाही, आणि ‘जाऊन-येऊन’ नेणाऱ्या खासगी बसमध्ये पुन्हा पाय ठेवणार नाही.

१७ मे २०२५, शनिवार. आम्ही तिघांनी बससाठी माणशी १,९०० रुपये भरले ते बसवाल्याच्या एका वाक्याच्या भरवशावर: “शो संपला की गेटबाहेर गाडी उभी असेल, सर.” जाताना काही त्रास झाला नाही.

डिसेंबर २०१२ मध्ये हा अमेरिकन रॉक बँड पहिल्यांदा भारतात आला, तेव्हाही मी मुंबईच्या शोला होतो. तेव्हा गायक ॲक्सल रोझ होता, पण गिटारवाला स्लॅश नव्हता आणि बेस गिटार वाजवणारा डफही नव्हता. ते दोघे परतले २०१६ मध्ये. म्हणजे स्लॅशला समोर बघायला मी साडेबारा वर्षं थांबलो होतो. त्याने सोलो सुरू केला तेव्हा मोठ्या पडद्यावर फक्त त्याचे हात दिसत होते. मनगटावरचा घाम गिटारच्या लाकडावर ठिबकत होता आणि टोपीखालची मान वर होत नव्हती. माझ्या शेजारी पन्नाशीचे एक काका होते, शर्ट नीट खोचलेला. डोळे मिटून ते हवेत बोटांनी तीच सुरावट वाजवत होते, प्रत्येक बेंड (तार ताणून सूर चढवणं) जिथल्या तिथे. मला भरून आलं. ॲक्सलचा आवाज वरच्या पट्टीत आता फाटतो, हे खरं आहे. पियानोसमोर बसला तेव्हा मात्र त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

आता दहानंतरचं. मुंबईत उघड्या मैदानावरचा शो रात्री दहाला संपतो, कारण २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाहीत. (धोबीतलावचं रंगभवन हे खुलं सभागृह, जिथे आपल्याकडचं रॉक वाढलं, तेही शांतता क्षेत्रात आल्यामुळेच गेलं. त्याची हळहळ अजून जात नाही.) त्यामुळे सगळं मैदान एकाच मिनिटाला बाहेर पडतं. मोबाइलला रेंज नाही. वीस मिनिटांनी बसवाल्याचा फोन लागला तर म्हणाला, “पोलिसांनी हाकललं, गाडी दादरला टिळक पुलापाशी लावलीय, तुम्ही या.” गेटबाहेर गाडी थांबू देणार नाहीत हे त्याला पैसे घेतानाच माहीत असणार. याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे.

टॅक्सीवाल्याला दादर म्हटलं. “बारा सौ. बैठना है तो बैठो.” मीटरने हे भाडं शंभर-सव्वाशेच्या आसपास होतं. मीटर टाकायला एकही तयार नव्हता आणि ॲपवरच्या गाड्या येतो म्हणून रद्द करत होत्या. आम्ही चालत निघालो. केशवराव खाड्ये मार्गाने महालक्ष्मी स्टेशन जेमतेम एक किलोमीटर, त्याला आम्हाला पन्नास मिनिटं लागली. पुलाच्या कामाचे पत्रे लावल्यामुळे रस्ता निम्मा झालेला, त्यात गाड्या, आणि उरलेल्या पट्टीत माणसं खांद्याला खांदा लावून. एका जागी पुढचे थांबले आणि मागचे ढकलत राहिले. माझा हात छातीशी दाबला गेला, तो वर काढता येईना. एक मुलगी “पीछे हटो” म्हणून ओरडत होती आणि मागे जायला जागाच नव्हती. दोन-तीन मिनिटंच, पण तेवढ्यात घशाला कोरड पडली. लहान मुलांना या गर्दीत अजिबात आणू नका. शेवटचं गाणं संपल्यावर अर्धा तास मैदानातच बसा, पाणी प्या, मग निघा. आम्ही घाई केली ती चूक.

स्टेशनवर पोचलो आणि सगळं सोपं झालं. स्लो लोकल, लोअर परळ, प्रभादेवी, दादर. तिकीट पाच रुपये.

तेव्हा माझं ऐकाल तर असं करा. दादरपर्यंत स्वतः या, सोबत सामान आणू नका, महालक्ष्मीचं परतीचं तिकीट जातानाच काढा. महालक्ष्मीला फास्ट गाडी थांबत नाही, स्लोच पकडा. रात्रीची शिवनेरी दादरहून आधीच आरक्षित करा, आणि ती साडेबाराच्या आधीची घेऊ नका. आम्ही गेलो तेव्हा मेट्रो ३ वरळीपर्यंतच होती. ऑक्टोबर २०२५ पासून ती कफ परेडपर्यंत गेली आणि महालक्ष्मीला स्टेशन झालं, त्यामुळे जाताना ती उत्तम. पूर्ण मार्ग सुरू झाला तेव्हा शेवटची गाडी साडेदहाची होती, म्हणून येताना तिच्यावर विसंबू नका. वेळ बघून घ्या. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते आत शिरण्याआधी ठरवा, नंतर फोन लागणार नाही. केमिस्टकडून फोमचे इअरप्लग घ्या, कारण माझ्या कानातली शिट्टी सोमवारपर्यंत थांबली नव्हती.

बस टिळक पुलापाशी मिळाली, पावणेबाराला. आत चार जण, बाकीचे अजून रस्त्यावर. ती हलली सव्वा वाजता. परताव्यासाठी मी तीनदा फोन केला, अजून एक रुपया आलेला नाही.